वायनरीच्या चोथ्याचं खत: क्रशिंगच्या ट्रॉलीपासून छाटणीच्या चारीपर्यंत

जानेवारी उजाडला की दिंडोरी, निफाड, इगतपुरी भागातल्या वायनऱ्यांचं क्रशिंग, म्हणजे द्राक्षं गाळण्याचं काम, सुरू होतं आणि मार्चपर्यंत चालतं. एक टन वाइनची द्राक्षं गाळली की साधारण दोनशे ते अडीचशे किलो चोथा मागे राहतो. त्यात सालं असतात, बिया असतात आणि थोडा गर. घडांचे देठ वेगळे निघतात, ते आणखी तीस ते पन्नास किलो. वायनरीला हा माल आवारातून लवकर हलवायचा असतो, कारण उन्हात तो दिवसभरात आंबतो आणि चिलटांचे थवे जमतात. जवळच्या शेतकऱ्याला त्यामुळे तो बऱ्याचदा वाहतुकीच्या खर्चात मिळून जातो. पालाशानं (पोटॅशनं) भरलेला, नत्र (नायट्रोजन) बऱ्यापैकी असलेला सेंद्रिय माल इतक्या स्वस्तात दुसरा सापडणं अवघड आहे. पण त्याचं खत व्हायला पाच-सहा महिने लागतात आणि हे महिने टाळता येत नाहीत.

ट्रॉली थेट वावरात पालथी करणारे लोक मी पाहतो आणि वाईट वाटतं. ताज्या चोथ्याचा सामू (pH) साडेतीन ते साडेचारच्या आसपास असतो. सालीत आणि बियांत टॅनिन असतं, ते कोवळ्या मुळांना आणि उगवणाऱ्या बियाण्याला मारक ठरतं. उरलेल्या साखरेवर जिवाणू तुटून पडतात आणि स्वतःच्या वाढीसाठी जमिनीतलं नत्र ओढून घेतात, म्हणून पीक पिवळं पडतं. शिवाय अर्धकच्चा सेंद्रिय माल म्हणजे मुळं खाणाऱ्या हुमणी अळीला आमंत्रण.

आपल्याकडे आणखी एक समज पक्का बसला आहे. आपली काळी जमीन विम्लधर्मी (अल्कलीयुक्त), चोथा आंबट, म्हणजे तो घातला की सामू खाली येईल! असं होत नाही. चोथ्यातली आम्लं कुजताना जळून जातात आणि तयार खताचा सामू सातच्या आसपास किंवा थोडा वरच येतो. जमिनीचा सामू उतरवायला हे खत वापरू नका. ते सेंद्रिय कर्ब आणि पालाश यांसाठी वापरायचं.

आधी माल ओळखा

ट्रॉली भरायला जाल तेव्हा कोणता चोथा मिळतोय ते विचारून घ्या, कारण पांढऱ्या आणि लाल वाइनचा चोथा वेगळा वागतो.

शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाणांची द्राक्षं आली की लगेच दाबून रस काढतात. त्यामुळे पांढरा चोथा आंबलेला नसतो. तो गोड असतो, हाताला चिकटतो, मधमाश्या आणि गांधीलमाश्या त्यावर लगेच येतात. साखर भरपूर असल्यानं ढीग झपाट्यानं तापतो, पण हवा कमी पडली तर तितक्याच झपाट्यानं सडतो. शिराझ, कॅबर्ने या लाल वाणांची सालं आठवडाभर किंवा त्याहून जास्त रसासोबत टाकीत आंबतात आणि मग बाहेर येतात. त्यात साखर जवळपास संपलेली असते, दारूचा वास येतो आणि टॅनिन जास्त असतं. लाल चोथा शांतपणे कुजतो, वेळ मात्र थोडा जास्त घेतो. दोन्ही एका ढिगात चालतात.

टाकीच्या तळाचा गाळ मिळाला तर जरूर घ्या. त्यात मेलेलं यीस्ट असतं, म्हणजे नत्र. तो पातळ असतो, म्हणून एका जागी ओतू नका. कोरड्या मालावर पसरून शिंपडा. गाळणीत वापरलेली पांढरी माती, म्हणजे डायटोमेशियस अर्थ, वेगळी ठेवायला सांगा. थोडी मिसळली तर खताचं बिघडत नाही, पण वाळल्यावर तिची धूळ फुप्फुसाला घातक असते. ओली असतानाच मिसळायची, तोंडाला मास्क लावून.

टाक्या धुतलेलं पाणी मात्र ढिगावर नको. वायनरीत टाक्या धुवायला कॉस्टिक सोडा वापरतात. त्यातला सोडियम खतात उतरला की काळ्या जमिनीची घडण बिघडते, पाणी मुरेनासं होतं. फुकट पाणी मिळतंय म्हणून मोह होतो, पण इथे ठाम नाही म्हणा.

एक जिवावरची गोष्ट. लाल चोथा भरताना टाकीत उतरून खोऱ्यानं ओढायला कोणी सांगितलं तर उतरू नका आणि आपल्या मजुरालाही उतरू देऊ नका. आंबवण्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड टाकीच्या तळाशी साचतो, त्याला वास नसतो, आणि माणूस काही कळायच्या आत कोसळतो. वाचवायला उतरलेला दुसराही तसाच जातो. ते काम वायनरीच्या प्रशिक्षित माणसांचं आहे. आपण बाहेर आलेला माल भरायचा.

जागा

विहिरीपासून आणि नाल्यापासून लांब, विहिरीच्या उताराकडच्या बाजूला, टणक मुरमाड जमीन निवडा. किंचित उतार असावा आणि खालच्या अंगाला एक छोटा खड्डा, त्यात जाड प्लास्टिक अंथरलेलं. चोथ्यातून पहिल्या पंधरवड्यात तपकिरी, आंबट पाणी सुटतं. ते ओढ्यात गेलं तर पाण्यातला प्राणवायू संपवतं आणि मासे मरतात. खड्ड्यात जमलं की बादलीनं पुन्हा ढिगावर टाकायचं. त्यात पालाश असतो, वाया घालवायचा कशाला? गोठा लांब असू द्या. जनावरं गोड चोथ्यावर तुटून पडतात आणि एकदम जास्त खाल्लं की पोटात आम्ल वाढून आजारी पडतात.

मिश्रण: सगळं काम इथेच ठरतं

नुसत्या चोथ्याचा ढीग केला तर काय होतं ते दोन आठवड्यांत दिसतं. वरून कोरडी खपली, आत चिकट काळा लगदा आणि व्हिनेगरचा वास. ओली सालं एकमेकांवर चिकटून बसतात, मधे हवा राहत नाही आणि कुजण्याऐवजी माल आंबत जातो. म्हणून चोथ्यात दोन गोष्टी घालायच्या: हवा धरून ठेवणारा काडीकचरा आणि जिवाणूंनी भरलेलं शेण.

मी घमेल्याच्या मापानं सांगतो, कारण शेतात वजनकाटा कोणी नेत नाही. पाच घमेली चोथा, दोन घमेली काडीकचरा, दोन घमेली अर्धवट कुजलेलं शेणखत. हाताशी जुनं तयार कंपोस्ट असेल तर आणखी अर्धं घमेलं. शेणाऐवजी कोंबडखत असेल तर निम्मंच घ्या; त्यात नत्र आणि क्षार दोन्ही जास्त असतात.

काडीकचरा म्हणजे काय घ्यायचं? द्राक्षबागेतल्या छाटणीच्या काड्या श्रेडरमधून काढलेल्या सगळ्यात उत्तम, कारण त्या लवकर दबत नाहीत. मक्याची ताटं कुट्टी करून चालतात. सोयाबीनचं भुसकट चालतं, पण ते लवकर बसतं, म्हणून त्यात थोड्या काड्या हव्यातच. घडांचे देठ वायनरीतून वेगळे मिळाले तर तेही याच वाट्यात मोजा. उसाचं पाचट मिसळायला फार लांबट पडतं, ते झाकायला ठेवा. छाटणीत निघालेली डाऊनी किंवा भुरीची पानं, मिलीबग लागलेल्या साली ढिगाच्या मध्यावरच जाऊ द्या, कडेला नको. कडेला उष्णता पोचत नाही.

चुना घालावा का, हा प्रश्न हमखास येतो. माझं मत स्पष्ट आहे: घालू नका. ढीग नीट चालला तर सामू काही आठवड्यांत आपोआप वर येतो. चुना आणि शेण गरम ढिगात एकत्र आले की नत्र अमोनिया होऊन उडतं, आणि तेच नत्र तर आपल्याला राखायचं आहे. आपल्या जमिनींत चुनखडी आधीच भरपूर आहे. चुलीची राखही नको, कारण चोथ्यात पालाश मुळातच जास्त असतो आणि राखेनं तो आणखी वाढतो.

शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण) करून शिंपडला की सुरुवात जोमात होते. बाजारातलं कंपोस्ट कल्चर किंवा गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्रानं पुढे आणलेलं वेस्ट डीकंपोजर वापरायला हरकत नाही, पण त्यावाचून अडत नाही. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी आत्ता घालू नका. पुढे येणाऱ्या उष्णतेत ती बुरशी टिकत नाही, पैसे वाया जातात. तिची वेळ नंतर येते.

ओल तपासायला मूठभर मिश्रण घट्ट दाबा. बोटांच्या फटीत ओल चमकली आणि एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक. धार लागली तर कोरडा काडीकचरा वाढवा. मूठ उघडताच माल विखुरला तर पाणी शिंपडा. ताज्या चोथ्यात पाणी मुळातच भरपूर असतं, त्यामुळे पहिल्या दिवशी बहुधा पाण्याची गरज पडत नाही.

आणि हे सगळं ट्रॉली आली त्याच दिवशी करायचं. काड्या, शेण आधीच जागेवर आणून ठेवा, मग वायनरीला फोन करा.

ढीग रचणं

खाली वीतभर जाडीचा काड्यांचा थर द्या, त्यातून खालून हवा येते. त्यावर मिश्रण. रुंदी सात-आठ फूट, उंची चार ते पाच फूट, लांबी माल असेल तितकी. उंची याहून वाढवली तर स्वतःच्याच वजनानं ढीग दबतो. तीन फुटांपेक्षा कमी ठेवली तर उष्णता धरत नाही. पायानं तुडवू नका, जेसीबीच्या बकेटनं थापटू नका. वरून पाचट किंवा बारदान टाका. प्लास्टिकनं घट्ट झाकलं तर हवा कोंडते.

विदर्भात पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी रूढ केलेली नाडेप टाकी अनेकांच्या शेतात तयार असते. जाळीदार विटांची, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. त्यात चोथा कुजवता येतो, पण टाकीतला माल परतता येत नाही, म्हणून काडीकचऱ्याचा वाटा चोथ्याइतकाच ठेवा. माल थोडा असेल तर टाकी, ट्रॉल्या असतील तर मोकळा ढीग.

उष्णता आणि परतणं

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ढीग तापायला लागतो. कंपोस्टचा लांब काट्याचा थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर लोखंडी सळई ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी ओढून काढा आणि टोक मुठीत धरा. धरवत नसेल तर तापमान पंचावन्नच्या वर आहे. आपल्याला पंचावन्न ते पासष्ट अंश हवेत. या उष्णतेत रोगजंतू, तणाचं बी आणि द्राक्षाचं बी उगवण्याची ताकद गमावतात. सत्तरच्या वर गेलं तर उपयोगी जिवाणूही मरतात, मग लगेच परता.

पहिली परतणी पाचव्या ते सातव्या दिवशी. त्यानंतर महिनाभर आठवड्यातून एकदा, पुढचे दोन महिने पंधरा दिवसांनी. परतताना बाहेरचा माल आत आणि आतला बाहेर गेला पाहिजे. नुसतं वरवर ढवळून भागत नाही. पहिल्या परतणीला ढीग फोडला की वाफेचा लोट उठतो, वास आंबूस असतो आणि मधल्या पट्ट्यात राखेसारखा पांढरा, बुरशीसारखा थर दिसतो. ते ॲक्टिनोमायसिटीज नावाचे जिवाणू, घाबरायचं कारण नाही. मात्र तो पांढरा पट्टा हाताला भुगा लागत असेल तर ढीग आतून कोरडा पडला आहे. तिथे पाणी द्या.

एप्रिल-मेमध्ये नाशिकच्या उन्हात ढीग पाहता पाहता कोरडा होतो. वरून पाणी ओतलं तर ते कडेनं ओघळून जातं, आत शिरत नाही. परततानाच, थर उघडा असताना, झारीनं किंवा स्प्रिंकलरनं पाणी द्या. कोरडा पडलेला ढीग थंड होतो आणि माणसाला वाटतं की कुजणं संपलं. पाणी देऊन पुन्हा परता. पुन्हा तापला तर समजा की काम बाकी होतं.

वासावरून निदान सोपं आहे. व्हिनेगरचा किंवा कुबट वास म्हणजे हवा कमी: काड्या घाला, परता. डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे शेण किंवा कोंबडखत जास्त झालं: भुसकट किंवा काड्या वाढवा. चिलटं फार झाली तर वरून दोन बोटं जुन्या खताचा थर पसरा. आणि चांगला शिजलेला माल वर, कच्चा आत, असं परतत राहा. आतल्या उष्णतेत अळ्या टिकत नाहीत.

मुरवणं

मे सरता सरता ढीग परतूनही तापत नाही, रंग गडद तपकिरी होतो, सालं ओळखू येत नाहीत, आकार निम्म्यावर येतो. खत तयार झालं असं इथे वाटतं आणि बरेच जण इथेच घाई करतात. टॅनिनसारखे चिवट भाग यानंतरच्या थंड टप्प्यात मोडतात. आणखी दोन महिने मुरू द्या. ट्रायकोडर्मा घालायचा असेल तर आता.

या काळात पाऊस लागतो. उघडा ढीग पावसात राहिला तर पालाश धुऊन जातो, कारण तो पाण्यात सहज विरघळतो. पत्र्याची शेड नसेल तर बांबूच्या कमानी करून त्यावर ताडपत्री टाका. ताडपत्री आणि ढीग यांत हवेला जागा हवी.

गांडूळखत करायचं असेल तर त्याचीही वेळ हीच. आयसेनिया फेटिडा जातीची गांडुळं गरम किंवा आंबट मालात जगत नाहीत, पळतात किंवा मरतात. थंड झालेला माल फूटभर जाडीनं पसरा, मूठभर गांडुळं एका कोपऱ्यात सोडा आणि दोन दिवस बघा. ती आत शिरली तर बाकीची सोडा.

तयार झालं का?

बियांवर जाऊ नका. द्राक्षाचं बी लाकडासारखं टणक, त्यात तेल. सगळं खत तयार झालं तरी बिया अखंड दिसतात. एक बी दगडानं फोडा. आत काळपट, पोकळ असेल तर ते उगवणार नाही. बिया फार खटकत असतील तर चाळणीनं काढा आणि पुढच्या ढिगात टाका.

पक्की परीक्षा मेथीची. एक वाटी खत पाच वाट्या पाण्यात काही तास भिजवून फडक्यातून गाळा. दोन ताटल्यांत ओला कागद, एकात हे पाणी, दुसऱ्यात साधं पाणी, दोन्हींत वीस-वीस मेथीदाणे. तीन दिवसांनी उगवण आणि मुळांची लांबी ताडून बघा. खताच्या पाण्यातली मुळं आखूड, टोकाला तपकिरी असतील तर आणखी महिनाभर मुरवा. ओलं खत पिशवीत हवाबंद करून तीन दिवसांनी वास घ्या. मातीचा वास हवा, आंबट नको.

मोठा ढीग असेल तर एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या. कर्ब-नत्र गुणोत्तर 20 च्या आत, सामू 6.5 ते 7.5 आणि क्षारता मीटरला 4 डेसिसायमनच्या आत, ही शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशातली पट्टी आपल्यालाही उपयोगी आहे. तांबं आवर्जून तपासा. बागेत बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, फवारलेलं असतं, ते सालीवर राहतं आणि माल आटला की खतात त्याचं प्रमाण वाढतं. याच आदेशात तांब्याची मर्यादा किलोला 300 मिलिग्रॅम आहे. स्वतःच्या शेतात वापरायला नोंदणी लागत नाही, पण पिशव्या भरून विकायचं म्हटलं तर हा आदेश लागू होतो. आधी तालुका कृषी कार्यालयात विचारा.

कुठे, किती

जानेवारी-फेब्रुवारीत रचलेला ढीग ऑगस्टमध्ये हाती येतो, म्हणजे ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्या (फळासाठीच्या छाटणीच्या) बेसल डोसला, म्हणजे सुरुवातीच्या खताच्या हप्त्याला नेमका. वेलीच्या बाजूला चारी खोलून एकरी दोन ते तीन टन टाका आणि मातीनं झाका. खोडाला चिकटवून ढीग करू नका.

खतं देताना पालाशाचा हिशेब धरा. कोरड्या वजनाच्या दोन टक्के पालाश आणि चाळीस टक्के ओल धरली, तर एक टन खतातून अंदाजे बारा किलो पालाश जातो; अडीच टनांतून तीस किलो. तेवढा पोटॅश कमी करा. वेलीला पालाश जास्त झाला की मॅग्नेशियम उचललं जात नाही आणि जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडतो. पानांच्या देठांचं परीक्षण करत असाल तर पुढच्या अहवालात पालाश आणि मॅग्नेशियम हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचा. नत्र मात्र सावकाश सुटतं, म्हणून पहिल्या वर्षी नत्राचा डोस फारसा कापू नका.

कांदा, टोमॅटोला कुळवाच्या शेवटच्या पाळीआधी तेवढंच खत विस्कटून द्या. रोपवाटिकेत मिश्रणाच्या चौथाईपेक्षा जास्त नको, आणि तेही मेथीच्या परीक्षेत उतरलेलंच. कोवळ्या रोपाला क्षार आणि उरलेलं टॅनिन सगळ्यात आधी बाधतं.

सगळं खत शेतात घालवू नका. दहा-पंधरा घमेली सावलीत, बारदानाखाली, ओलसर ठेवा. पुढच्या क्रशिंगची पहिली ट्रॉली आली की विरजण म्हणून तेच मिसळायचं. टॅनिन पचवायची सवय लागलेले जिवाणू त्यात असतात.